युती, आघाडी आणि सत्तास्थापना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१९ पासून महाराष्ट्रात जे घडत गेलं त्यामुळे राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. प्रतोद, गटनेता, हंगामी अध्यक्ष हे शब्द लोकांच्या तोंडी बसले. पण निवडणूक आली की प्रश्न तेच असतात, आणि उत्तरं ज्याच्या त्याच्या पक्षाच्या सोयीने दिली जातात. म्हणून कायदा काय म्हणतो आणि प्रत्यक्षात काय झालं, हे इथे शेजारी शेजारी ठेवलं आहे. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्राची आहेत, काही गोव्याची. जिथे मत माझं आहे तिथे ते लपवलेलं नाही.

१४५ चा आकडा गाठला नाही तर सरकार बनतच नाही का?

विधानसभेत २८८ जागा आहेत, त्यामुळे निम्म्याहून एक जास्त म्हणजे १४५. पण विश्वासदर्शक ठराव मंजूर होतो तो हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमतावर. कोणी गैरहजर राहिलं किंवा तटस्थ राहिलं तर लागणारा आकडा खाली येतो. त्यामुळेच बहुमत चाचणीच्या दिवशी कोण आलं नाही, हे कोणी विरोधात मत दिलं याइतकंच बारकाईने बघावं लागतं.

१९८५ नंतर महाराष्ट्रात एकाही पक्षाला स्वबळावर १४५ गाठता आलेले नाहीत. १९९० मध्ये काँग्रेस १४१ वर थांबली. २०१४ मध्ये भाजप १२२ वर आणि २०२४ मध्ये १३२ वर थांबला. म्हणजे आज पस्तिशीत असलेल्या मतदाराने या राज्यात एकपक्षीय बहुमत पाहिलेलंच नाही. आघाडी सरकार हा अपवाद समजून तक्रार करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

निवडणुकीआधी एकत्र मतं मागितली आणि निकालानंतर साथ सोडली, तर कायदा काही करू शकतो का?

नाही. निवडणूक आयोगाकडे नोंद होते ती पक्षाची, युतीची नाही. दोन पक्षांनी एका व्यासपीठावरून मतं मागितली तरी निकालानंतर एकत्र राहण्याची सक्ती कुठल्याच कायद्यात नाही. पक्षांतरबंदीचा कायदा आमदाराला त्याच्या पक्षाशी बांधतो, पक्षाला मित्रपक्षाशी बांधत नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण २०१९ चं. १८ फेब्रुवारी २०१९ ला मुंबईत भाजप आणि शिवसेनेच्या नेत्यांनी एकत्र पत्रकार परिषद घेऊन युती जाहीर केली. राज्यात सत्ता आल्यावर पदं आणि जबाबदाऱ्या समसमान राहतील, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्या ‘समसमान’मध्ये मुख्यमंत्रिपद येतं की नाही, हे लोकांना कोणीच सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये निकाल लागला: भाजप १०५, शिवसेना ५६. दोघांचे मिळून १६१, म्हणजे निर्विवाद बहुमत. आणि तिथेच गाडं अडलं. अडीच अडीच वर्षं ठरली होती असं शिवसेना म्हणाली, असं काही ठरलंच नव्हतं असं भाजप म्हणाला. खरं कोण बोलत होतं यावर आजही लोक तावातावाने भांडतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो न लिहिलेला कागद. दोन मोठे पक्ष कोट्यवधी लोकांकडे एकत्र मतं मागायला जातात आणि सर्वोच्च पदाचं काय ठरलं, हे बंद खोलीत ठेवतात. मतदाराला गृहीत धरणं म्हणतात ते हेच, आणि यात दोन्ही पक्ष सारखेच वाटेकरी आहेत.

राज्यपालांनी आधी कोणाला बोलवायचं?

राज्यघटनेत क्रम दिलेला नाही. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात, एवढंच अनुच्छेद १६४ सांगतं. क्रम सुचवला तो सरकारिया आयोगाने: आधी निवडणूकपूर्व युती, मग अपक्ष वगैरेंच्या पाठिंब्यासह दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतर झालेली अशी आघाडी, जिचे सगळे घटक सरकारात सामील आहेत, आणि शेवटी अशी आघाडी, जिच्यातले काही सरकारात आणि काही बाहेरून पाठिंबा देणारे. ही शिफारस आहे, कायदा नाही.

गोव्यात २०१७ मध्ये ४० पैकी १७ जागा काँग्रेसला आणि १३ भाजपला मिळाल्या. काँग्रेसवाले नेता निवडण्याच्या चर्चेत गुंतले. तेवढ्यात भाजपने महाराष्ट्रवादी गोमंतक, गोवा फॉरवर्ड आणि अपक्षांना गाठून २१ चा आकडा जमवला आणि राज्यपालांकडे दावा केला. मनोहर पर्रीकरांनी १४ मार्चला शपथ घेतली. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली, तर न्यायालयाने १६ मार्चला सभागृहात बहुमत सिद्ध करायला सांगितलं. पर्रीकरांना २२ मतं पडली. मोठा पक्ष असूनही हातात पाठिंब्याची पत्रं नसतील तर राज्यपालांपुढे नुसता पहिला क्रमांक सांगून भागत नाही.

२०१९ मध्ये महाराष्ट्रात राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी क्रमाने विचारणा केली. भाजपने असमर्थता कळवली. शिवसेनेने मुदत वाढवून मागितली, ती मिळाली नाही. राष्ट्रवादीला १२ नोव्हेंबरच्या रात्री साडेआठपर्यंतची वेळ होती, पण त्याआधीच राष्ट्रपती राजवटीची शिफारस दिल्लीला गेली होती. दिलेली मुदत संपू द्यायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे.

पाठिंब्याचं पत्र म्हणजे नेमकं काय? नुसत्या सह्यांवर सरकार बनतं?

पक्षाच्या आमदारांनी बैठक घेऊन गटनेता निवडायचा. गटनेत्याने आपल्या गटाचा पाठिंबा कोणाला, हे राज्यपालांना लेखी कळवायचं, सोबत आमदारांच्या सह्यांची यादी जोडायची. अपक्ष स्वतंत्र पत्र देतात. ही यादी खरी की खोटी, हे तपासण्याची ठरलेली पद्धत नाही. राज्यपाल आमदारांना समोर बोलावू शकतात, पण बोलावलंच पाहिजे असं नाही.

२३ नोव्हेंबर २०१९ ची पहाट आठवा. ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना निघाली. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही झाली नाही. पंतप्रधानांना तातडीच्या वेळी तसा निर्णय घेऊ देणारा कामकाजाचा नियम १२ वापरला गेला. आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी झाला. लोकांनी टीव्ही लावला तेव्हा सरकार बनलेलं होतं. आधार होता राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांचा. त्या सह्या बैठकीच्या हजेरीसाठी घेतल्या होत्या, पाठिंब्यासाठी नव्हे, असा दावा पक्षाच्या बाकी नेत्यांनी केला. दोन दिवसांनी शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तीन पक्षांनी मुंबईच्या एका हॉटेलात १६२ आमदार एकत्र उभे करून दाखवले. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत चाचणी, मतदान खुलं, थेट प्रक्षेपण. चाचणी व्हायच्या आधीच, त्याच दिवशी दोघांनी राजीनामे दिले.

सह्यांचा कागद आणि सभागृहात उभं राहिलेलं माणूस यांत किती अंतर असू शकतं, ते त्या चार दिवसांत दिसलं. म्हणूनच शपथविधी आणि चाचणी यांत दिवस जितके कमी, तितकं सगळ्यांसाठी बरं.

सभागृहात बहुमत मोजतात कसं?

दोन पद्धती आहेत. आवाजी मतदानात अध्यक्ष होकार आणि नकार ऐकून निर्णय देतात. मतविभागणी मागितली तर शिरगणती होते: सदस्य एकेक करून उभे राहतात, आपलं नाव आणि क्रमांक सांगतात आणि मोजणी होते. बहुमत विधानसभेच्या सभागृहातच ठरलं पाहिजे, राजभवनात नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात घालून दिलं.

१२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. भाजपचे तेव्हा १२२ आमदार निवडून आले होते, शिवसेना विरोधी बाकांवर होती आणि राष्ट्रवादीने न मागता पाठिंबा जाहीर केला होता. नेमक्या अशा वेळी एकेक मत मोजायला हवं होतं. कोणी कोणाला तारलं याची नोंदच राहिली नाही, ही त्या दिवसाबद्दलची माझी तक्रार आहे. ४ जुलै २०२२ ला मात्र शिरगणती झाली: एकनाथ शिंदे सरकारच्या बाजूने १६४, विरोधात ९९. आदल्या दिवशी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विरोधकांना १०७ मतं पडली होती. एका रात्रीत आठ मतं घटली, कारण विरोधी बाजूचे काही आमदार वेळेत सभागृहात पोहोचलेच नाहीत. शिरगणतीमुळे हे लोकांना कळलं तरी.

दोन तृतीयांश आमदार फुटले की सगळं माफ, हे खरं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि सर्वांत जास्त चुकीची उत्तरंही याचीच मिळतात, म्हणून जरा सविस्तर.

१९६७ मध्ये हरियाणातल्या गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, त्यावरून ‘आयाराम गयाराम’ रूढ झालं. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानली जायची आणि आमदारकी वाचायची. किरकोळीने फुटलात तर अपात्र, घाऊक फुटलात तर सुरक्षित, असा तो उफराटा कारभार होता. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने फुटीची ही तरतूद काढून टाकली. उरलं ते फक्त विलीनीकरण: मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी ते मान्य केलं, तर अपात्रता लागू होत नाही.

म्हणजे दोन तृतीयांश जमले तरी वेगळा गट करून बसता येत नाही, दुसऱ्या पक्षात विलीन व्हावं लागतं. गोव्यात हेच झालं. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये विलीन झाले. मूळ पक्ष जागेवरच असताना फक्त आमदारांनी विलीनीकरण कसं केलं, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने आमदारांच्या बाजूने निकाल दिला.

महाराष्ट्रात शिंदे गटाने तिसरीच वाट धरली. तेव्हा शिवसेनेचे ५५ आमदार होते, दोन तृतीयांश म्हणजे ३७. तेवढे त्यांच्याकडे होते, पण ते कुठल्याही पक्षात विलीन झाले नाहीत. आम्ही पक्ष सोडलेलाच नाही, आम्हीच मूळ शिवसेना, असा त्यांचा दावा होता. त्यामुळे भांडण अपात्रतेवरून ‘पक्ष कोणाचा’ यावर गेलं, आणि तो निर्णय निवडणूक आयोगाच्या हातात गेला. आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. राष्ट्रवादीच्या बाबतीत ६ फेब्रुवारी २०२४ ला नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला मिळालं. दोन्हीकडे पारडं झुकलं ते निवडून आलेल्या आमदार-खासदारांच्या संख्येकडे.

माझ्या मते कायद्याला इथेच भगदाड पडलं आहे. फुटीला मनाई केली, पण पुरेशी माणसं फोडून मूळ पक्षावरच दावा सांगता आला तर मनाईला अर्थ राहत नाही. गावागावांत पक्षाचे झेंडे लावणारा, बूथवर दिवसभर उपाशी बसणारा कार्यकर्ता या मोजणीत कुठेच येत नाही.

राजीनामा न देताच आमदार अपात्र ठरू शकतो का?

हो. ‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडणं’ हे वागणुकीवरूनही ठरवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये रवी नाईक यांच्या, म्हणजे गोव्याच्याच प्रकरणात म्हटलं आहे. दुसऱ्या पक्षाच्या नेत्यांबरोबर राज्यपालांकडे जाणं, उघड प्रचार करणं अशा गोष्टी त्यात मोजल्या जाऊ शकतात.

व्हिप कोणाचा मानायचा? दोन गटांनी दोन व्हिप काढले तर?

व्हिप म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, तो काढतो प्रतोद. शिवसेनेच्या फुटीवरच्या ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ गटाचा नाही. म्हणून शिंदे गटाचे प्रतोद भरत गोगावले यांच्या नेमणुकीला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरली. त्याच निकालात, राज्यपालांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत चाचणीला सामोरं जायला सांगण्यासाठी पुरेसा आधार नव्हता, असंही म्हटलं. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, असंही न्यायालयाने सांगितलं. सभागृहात हरले असते तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. चाचणी टाळून राजीनामा देऊ नये, हा धडा आता सगळ्या पक्षांच्या वकिलांना पाठ झाला असेल.

अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी किती दिवसांत द्यायचा असतो?

दहाव्या अनुसूचीत मुदत नाही. साधारणपणे तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटलं. महाराष्ट्रात २०२२ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या वादावर अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला, तोही न्यायालयाने तारीख घालून दिल्यावर. दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. राष्ट्रवादीच्या बाबतीतही फेब्रुवारीत तेच झालं.

अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेच असतात. त्यांच्याकडे हा न्याय सोपवणं मला पटत नाही, मग खुर्चीवर कोणत्याही पक्षाचे अध्यक्ष असोत. आणि खुर्चीचं महत्त्व कळत असूनही महाविकास आघाडीने काय केलं? नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिल्यावर सरकार पडेपर्यंत अध्यक्षपद रिकामंच राहिलं. उपाध्यक्षांवर कारभार चालला आणि ऐन संकटात त्यांच्या अधिकारांवरच वाद उभा राहिला.

अपक्ष आमदारांना पक्षांतरबंदी लागू होते का?

होते, पण वेगळ्या प्रकारे. अपक्ष म्हणून निवडून आल्यावर एखाद्या पक्षात प्रवेश केला तर आमदारकी जाते. पाठिंबा द्यायला, पाठिंबा काढायला किंवा मंत्री व्हायला मात्र आडकाठी नाही. १९९५ मध्ये शिवसेनेच्या ७३ आणि भाजपच्या ६५ मिळून १३८ जागा झाल्या, सात कमी. त्या वर्षी तब्बल ४५ अपक्ष निवडून आले होते, त्यांतले बरेच काँग्रेसचे बंडखोर. त्यांच्या जोरावर मनोहर जोशी यांचं सरकार उभं राहिलं आणि हर्षवर्धन पाटील, अनिल देशमुख यांच्यासारखे अपक्ष राज्यमंत्री झाले. काँग्रेसने तिकीट नाकारलेल्यांनी युतीला सत्तेवर बसवलं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आमदारांना हॉटेलात का ठेवतात? हे कायदेशीर आहे का?

कोणी स्वखुशीने राहत असेल तर बेकायदा काही नाही. ही चाल जुनी आहे. २००२ मध्ये विलासराव देशमुखांचं सरकार पाडायचा प्रयत्न झाला तेव्हा काँग्रेसने आमदार बंगळूरला नेले, कारण कर्नाटकात काँग्रेसचं सरकार होतं. २०१९ मध्ये त्याच कारणाने जयपूर. २०२२ मध्ये शिंदे गट सुरत, गुवाहाटी आणि मग गोवा असा फिरला. तिन्हीकडे भाजपची सरकारं होती. हॉटेल कितीही मोठं असलं तरी निवड होते ती बाहेर बंदोबस्तावर पोलीस कोणाचे आहेत हे बघून.

गोव्यात काँग्रेसने २०२२ मध्ये दुसरा उपाय केला. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन, पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पक्षाच्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. शपथ मोडली याचं लोकांना वाईट वाटलं ते श्रद्धेमुळे. मला जास्त वाईट वाटतं ते एका पक्षाला आपल्याच उमेदवारांवर देवाशिवाय दुसरा भरवसा उरला नव्हता याचं.

शपथविधी होतो, पण खातेवाटपाला आठवडे का लागतात?

आघाडीतली खरी वाटाघाटी तिथेच होते. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली. महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३. इच्छुक शंभर असतात. २०२२ मध्ये शिंदे आणि फडणवीस या दोघांनीच ३० जूनपासून ९ ऑगस्टपर्यंत मंत्रिमंडळ चालवलं. २०२४ मध्ये निकाल २३ नोव्हेंबरला, शपथविधी ५ डिसेंबरला, विस्तार १५ डिसेंबरला नागपुरात आणि खातेवाटप २१ डिसेंबरला. विस्तारानंतर आठवडाभर मंत्री होते, खाती नव्हती. हे बहुमताची कसलीच अडचण नसताना.

गृह, अर्थ, महसूल, नगरविकास, जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम यांवर सगळ्यांचा डोळा असतो. गृह म्हणजे पोलिसांच्या बदल्या. अर्थ म्हणजे कोणत्या आमदाराच्या मतदारसंघाला किती निधी. मंत्रिपद न मिळालेल्यांसाठी महामंडळं असतात, सिडको असतं, म्हाडाची मंडळं असतात, देवस्थानांचे विश्वस्तपद असतं.

आणि मग पालकमंत्रिपद. बाहेरच्यांना हे पद शोभेचं वाटतं. पण जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असतं, आणि जिल्ह्यातला रस्ता, शाळेची खोली, स्मशानभूमीची शेड कोणत्या गावाला आधी मिळणार हे त्या बैठकीत ठरतं. म्हणून १८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली. एकाच सरकारातल्या मित्रपक्षांचं भांडण रायगडमध्ये का पेटतं, हे समजायचं तर विधानसभा नव्हे, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीतलं बलाबल बघावं लागतं.

उपमुख्यमंत्र्याला वेगळे अधिकार असतात का?

घटनेत हे पदच नाही. शपथ मंत्री म्हणूनच असते. अधिकार मिळालेल्या खात्याचे. महाराष्ट्रात पहिले उपमुख्यमंत्री नाशिकराव तिरपुडे, १९७८ मध्ये, दोन काँग्रेसच्या आघाडीत. मित्रपक्षाचा मान राखण्यासाठीच हे पद जन्माला आलं.

आमदार नसलेली व्यक्ती मुख्यमंत्री होऊ शकते का?

होऊ शकते, सहा महिन्यांच्या आत विधानसभेवर किंवा विधान परिषदेवर निवडून यावं लागतं. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतली. कोरोनामुळे निवडणुका लांबल्या आणि मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना, मे २०२० मध्ये ते परिषदेवर बिनविरोध निवडून आले.

किमान समान कार्यक्रम पाळणं बंधनकारक असतं का?

कायद्याने नाही. तरीही आघाडीच्या सगळ्या कागदांमध्ये मतदाराच्या कामाचा कागद हाच. महाविकास आघाडीने २०१९ मध्ये तो जाहीर केला. त्यात शेतकरी कर्जमाफी होती, दहा रुपयांत जेवण होतं, स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्यांचा कायदा होता. कर्जमाफी आली, शिवभोजन थाळी आली. ८० टक्क्यांचा कायदा त्या सरकारच्या काळात झाला नाही. हे आज मोजता येतं कारण तेव्हा लिहून दिलं होतं. तोंडी ठरलेल्या गोष्टींचा हिशेब असा मागता येत नाही.

वेगवेगळ्या विचारांचे पक्ष एकत्र आले की सरकार लवकर पडतं का?

विचारांचं अंतर आणि सरकारचं आयुष्य यांचा सरळ संबंध इथे दिसत नाही. १९७८ मध्ये शरद पवार वसंतदादांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडून ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीमध्ये जनता पक्ष होता, त्यात जुने जनसंघीही होते, आणि शेतकरी कामगार पक्षही होता. ते सरकार आपसांत भांडून पडलं नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने बरखास्त केलं. काँग्रेस आणि राष्ट्रवादी १९९९ मध्ये एकमेकांविरुद्ध लढले, निकालानंतर एकत्र आले आणि पंधरा वर्षं टिकले. २००४ मध्ये राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिलं आणि राष्ट्रवादीने जादा मंत्रिपदं घेतली. उलट पंचवीस वर्षं एकाच विचाराचं नाव घेणारी युती २०१४ मध्ये जागावाटपावर तुटली आणि २०१९ मध्ये मुख्यमंत्रिपदावर. टिकाऊपणा ठरतो तो देवाणघेवाण स्पष्ट आहे का आणि कुरबुरी मिटवायला समन्वय समितीसारखी जागा आहे का, यावर.

म्हणून निकालानंतरची आघाडी म्हणजे आपोआप फसवणूक, असं मी मानत नाही. कोणालाच बहुमत मिळालं नसेल तर पक्षांनी एकत्र यायलाच हवं. नाहीतर पुन्हा निवडणूक, पुन्हा खर्च. फसवणूक होते ती प्रचारात ‘यांच्याबरोबर कधीच जाणार नाही’ असं सांगून नंतर जाताना लोकांना कारणही न देण्यात.

आमच्या नगरपालिकेत, जिल्हा परिषदेतही हेच नियम आहेत का?

दहावी अनुसूची खासदार-आमदारांसाठी आहे. स्थानिक संस्थांसाठी राज्याचा वेगळा कायदा आहे: महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६. इथे निवडून आलेल्यांना गट नोंदवावा लागतो. महापालिकेचा गट विभागीय आयुक्तांकडे. नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. अपात्रतेचा निर्णयही हेच अधिकारी देतात, सभागृहाचे अध्यक्ष नाहीत. विधानसभेसाठीही अशीच, पक्षाबाहेरची यंत्रणा हवी असं मला वाटतं.

निकालानंतर केलेली आघाडीही नोंदवता येते, आणि ती एकदा नोंदवली की तिच्या सदस्यांना ती पक्षासारखी लागू होते. स्थायी समिती, विषय समित्या, स्वीकृत नगरसेवक हे सगळं तौलनिक संख्याबळावर ठरतं. त्यामुळे एखादा अपक्ष कोणत्या गटात नोंदवला गेला यावरून स्थायी समितीतली एक जागा इकडची तिकडे होते. तुमच्या प्रभागातला नगरसेवक कोणाच्या गटात आहे हे जाणून घ्यायचं असेल तर गटनोंदणीची प्रत माहिती अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, अर्ज महापालिकेसाठी विभागीय आयुक्तालयात आणि बाकीच्यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यायचा, आणि पोच घ्यायला विसरायचं नाही. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते.